उरलासुरला जांभा

जांभ्याला कुळ विचारलं तर तो घाटाकडे बोट दाखवील. तिथे त्याचा बाप उभा आहे : काळा कातळ, ताठ, गडांना खांदा देणारा. लेणी त्याच्यात खोदली, पोवाड्यांत कडेकपारी आल्या त्या त्याच्या, आणि महाराष्ट्राचा दगड म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तोही हाच. जांभा त्याच घराण्यातला, पण घरच्या तसबिरींत त्याला जागा नाही. त्याच्या वाट्याला आलं ते घराचं जोतं, विहिरीचा काठ, गोठ्याची भिंत, वाडीभोवतीचा गडगा. कोकणातल्या कितीतरी देवळांच्या भिंती जांभ्याच्या असतात. गाभाऱ्यातली मूर्ती मात्र बहुधा काळ्या पाषाणाची. राबायला मुलगा आणि पूजेला बाप.

मूर्तीचं काम त्याला जमत नाही हेही खरंच. त्याच्या अंगाला भोकं फार. वेड्यावाकड्या नळ्या आरपार गेलेल्या. कुठे त्यांत पिवळी माती, कुठे पांढुरकी, कुठे नुसतीच पोकळी. नाकाचा शेंडा कोरायला घ्यावा तर नेमका तिथलाच कण निखळणार. रंगाला तांबडा म्हणायचा, पण एकाच चिऱ्यात गेरू, हळद, शेंदूर आणि जांभळी झाक सापडेल, आणि उन्हापावसात उघडी राहिलेली बाजू पार काळवंडलेली. अंग खरखरीत. जाता जाता कोपर घासलं तर सालटं निघतं. पांढरा सदरा घालून जांभ्याच्या भिंतीला टेकलेला माणूस दिसला की तो बाहेरगावचा, हे न विचारता कळतं.

हा असा कसा निपजला, ते सांगायला बापापासूनच सुरुवात करावी लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, निवले, आणि त्यांचा काळा बेसॉल्ट झाला. हजार अंशांच्या वरच्या उष्णतेत ज्याची खनिजं जमली, तो दगड उघड्या हवेत, ओल्या रानात आला. ही जागा त्याला मानवणारी नव्हती. निवताना तो आकसला होता, आकसताना त्याला भेगा पडल्या होत्या, आणि पावसाला आत शिरायला तेवढ्या पुरल्या. पाऊस दिसतो निर्मळ, पण हवेतून उतरताना तो थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, आणि मुळं नि कुजणारा पालापाचोळा यांच्यामधून मुरताना आणखी पुष्कळ. त्याचं अगदी सौम्य आम्ल होतं. जिभेला कळणार नाही इतकं सौम्य, पण त्याला घाई नसते. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्याला ते तीन बाजूंनी भिडतं, कडेला दोन, सपाट अंगाला एकाच. म्हणून आधी कोपरे जातात, मग कडा, आणि ठोकळ्याचा गुंडा होतो. घाटरस्ते रुंद करताना कापलेल्या दरडींत हे गुंडे उघडे पडतात. भोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, मधे काळा गाभा अजून टणक. गाडी थांबवून बघण्यासारखी गोष्ट आहे, पण तिथे सगळे धबधब्याला थांबतात.

पुढचा हिशेब कोण किती लवकर घर सोडतो याचा आहे. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे पहिल्या पावसाबरोबर निघणारे. पाण्यात विरघळून ओढ्याला, ओढ्यातून नदीला, नदीतून समुद्राला मिळतात. मागे राहते चिकणमाती. घाटापलीकडे देशावर गोष्ट साधारण इथेच थांबते. तिथे पाऊस बेताचा, मधे लांब कोरडे महिने. कॅल्शियम निघायला बघतो पण पाणीच पुरत नाही, म्हणून तो मातीतच चुनखडीचे खडे होऊन बसतो. ती झाली कपाशीची काळी माती, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. जांभ्याची ती सख्खी बहीण, बाप एकच. तिला लेखकांनी, शेतकऱ्यांनी, पुढाऱ्यांनी आई म्हटलं. जांभ्याला कुणी काही म्हटलेलं ऐकिवात नाही.

कोकणात पाऊस थांबत नाही. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि उरलेल्या वर्षात दमट उष्मा. इथे चिकणमातीलाही सुटका नाही. तिच्यातली सिलिका, जी मूळ कातळात वजनाने जवळजवळ निम्मी असते, तीही हळूहळू पाण्याबरोबर जाते. लाखो वर्षं हे चालतं. शेवटी ज्यांना पाण्यात विरघळणं जमत नाही असे दोघेच मागे राहतात : लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाला हवेतला प्राणवायू भेटला की त्याचा गंज होतो, आणि गंज सहसा जागचा हलत नाही. पावसाळ्यात भूजल वर चढतं, उन्हाळ्यात उतरतं. या चढउतारात लोह थोडं इकडचं तिकडे सरकतं, पुन्हा थिजतं, आणि मातीभोवती त्याचं जाळं विणलं जातं. भोकं, नळ्या, पिवळे-तांबडे डाग हे सगळं त्या विणकामाचं. जिथे लोहापेक्षा ॲल्युमिनियमचं पारडं जड झालं तिथे बॉक्साइट झाला, आणि कोल्हापूरकडच्या पठारांवर तो खणून नेण्यासाठी माणसं आली. भावंडांतल्या एकाला कारखान्यात नोकरी लागावी तसं झालं ते. बाकीचे गावीच राहिले.

थोडक्यात, काळ्या कातळातून जाण्यासारखं जे जे होतं ते गेलं आणि जाईना ते उरलं, त्याचं नाव जांभा. झिजण्याने त्याचं काही बिघडलं असं म्हणता येत नाही. झीज झाली नसती तर तो नसताच.

त्याचा सर्वांत चमत्कारिक गुण कळायचा तर चिरेखाणीवरच जावं. जमिनीत असेतोवर हा दगड मऊ. पूर्वी टिकावाने आणि पहारीने चिरे काढत. आता रुळांवर चालणारं यंत्र दातेरी चक्रं फिरवत जातं आणि मागे सरळ रेघा सोडतं. चौफेर तांबडी धूळ. पापण्या, कान, डब्यातली भाकरी, सगळं एका रंगाचं. निघालेला चिरा ओला आणि जड असतो. तो बांधकामाला लगेच घेऊ नये, तीनेक महिने उघड्यावर ठेवावा, हा जुना रिवाज. त्या अवधीत आतलं पाणी निघून जातं, लोहाची ऑक्साइडं घट्ट स्फटिक धरतात, आणि चिरा टणक होतो. बेसॉल्ट हवेवर आला की झिजायला लागतो, हा हवेवर आला की कडक होतो. १८००-०१ साली फ्रान्सिस बुकानन मद्रासहून निघून म्हैसूर, मलबार आणि कानडा फिरला, तेव्हा मलबारातली माणसं जमिनीतून मऊ दगड लोखंडी हत्याराने कापतात आणि तो पुढे विटेइतका पक्का होतो, हे पाहून चकित झाला. त्याने १८०७ साली ते छापलं आणि भूविज्ञानात जांभ्याची नोंद झाली. मलबारच्या गवंड्यांना अर्थात ते आधीपासून ठाऊक होतं, कोकणातल्यांनाही. आणि अंगकोरचा पाया आणि कोट ज्यांनी याच जातीच्या दगडात घातला, त्या कंबोडियातल्या कारागिरांना तर बुकाननच्या कितीतरी शतकं आधी. हल्ली मात्र ट्रक खाणीवरून थेट बांधकामावर येतो. चिऱ्यातून पाणी ठिबकत असतं आणि मालकाला गणपतीपूर्वी स्लॅब हवा असतो.

पाण्याच्या बाबतीत जांभा उधळ्या आहे. भोकांतून सगळं आत घेतो आणि तेवढ्याच सहजपणे सोडून देतो. त्याच्याखाली चिकणमातीचा थर असतो. पाणी तिथवर उतरतं, अडतं, आणि आडवं चालत उताराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून कोकणातली जुनी गावं सड्यावर वसलेली नाहीत. सडा वर, उघडा, सपाट. वाड्या त्याच्या कडेखाली झऱ्यांच्या आधाराने. त्याखाली माडपोफळींची आगरं. आणि तळाला खाडी. किनाऱ्याकडच्या रस्त्याने एसटीने जाणाऱ्याला हे पोटात कळतं. गाडी घाटी चढते, सड्यावर सपाट धावते, वळणं घेत खाडीला उतरते, पूल ओलांडून पुन्हा घाटी चढते. नद्या-खाड्यांनी एक मोठं तांबडं पठार कापून त्याचे तुकडे केले, आणि या प्रवासात आपण त्या तुकड्यांवरून उड्या मारत असतो. एवढा पाऊस पिऊनही एप्रिल-मेमध्ये सड्याजवळच्या विहिरींचा तळ दिसतो आणि टँकरची वाट पाहावी लागते. बाहेरच्याला हे खरं वाटत नाही.

मेमध्ये सड्यावर अनवाणी उभं राहून दाखवावं. काळा पडलेला पृष्ठभाग तापतो, वर सावली नाही, खाली मातीचा पत्ता नाही. मग जून येतो आणि पंधरा दिवसांत तिथे गवत. खळग्यांत पाणी, पाण्यात बेडूक, आणि श्रावण-भाद्रपदात बोटभर उंचीची फुलं : गेंद, तेरडा, निळी सीतेची आसवं. कास पठार हा याच लोकांचा उंचावरचा मोहल्ला. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात तोही आला, आणि तेव्हापासून फुलांपेक्षा मोटारी जास्त. सीतेची आसवं नाजूक दिसतात, पण ती किडे खातात. शेजारचं दवबिंदू नावाचं रोपटंही खातं. इलाज नाही, ज्या जमिनीतून पावसाने सगळं पोषण धुऊन नेलं आणि उरलेलं फॉस्फरस जिथे लोहाने धरून ठेवलं, तिथे झाडाने जेवायचं काय? देवगड-रत्नागिरीच्या माणसाने वेगळी तोड काढली. सुरुंग लावून जांभ्यात खड्डे पाडले, खालून माती वाहून आणून त्यांत भरली, आणि हापूसची कलमं लावली. ज्या आंब्याचे फोटो पेट्यांवर छापले जातात त्यांतल्या पुष्कळांचं बालपण अशा खड्ड्यात गेलेलं आहे. जाहिरातीत सुरुंगाचा उल्लेख नसतो.

उंचावरच्या जांभ्याबद्दल एक मौजेचा वाद आहे. पाचगणीचं टेबललँड आणि महाबळेश्वरचे माथे यांच्यावर जांभ्याची जाड टोपी आहे. समजूत अशी की तिथे पूर्वी मोठं सपाट पठार होतं, कातळ जागच्या जागी मुरून जांभा झाला, आणि बाकीचं झिजून गेल्यावर हे तुकडे उरले. क्लिफ ऑलिअर आणि हेतू शेठ या भूवैज्ञानिकांनी २००८ साली उलटी बाजू मांडली. उतारांवरून झिरपणारं लोहयुक्त पाणी सखल भागांत, दऱ्यांच्या तळाशी जमतं आणि तिथला गाळ लोखंडाने जखडून टाकतं. पुढे आजूबाजूचा कातळ झिजतो, जखडलेला तळ झिजत नाही, आणि कालांतराने पूर्वीचा खोलगट भाग डोंगरमाथा होऊन बसतो. टेबललँडवर घोड्यावरून रपेट मारणारा माणूस या हिशेबाने एखाद्या जुन्या दरीच्या तळातून चालला आहे. मला हे पटतं. निदान पटावंसं वाटतं. तसं असेल तर तिकडचा जांभा नुसता मागे उरलेला नाही. शेजाऱ्यांकडून निसटलेलं लोखंड गोळा करून तो मोठा झाला आहे, आणि शेजारी गेले.

त्याच्या पायाखाली मात्र नेहमी धोका. वरचं कवच पक्कं, पण खालची चिकणमाती झऱ्याचं पाणी कणाकणाने काढून नेत असतं. कवच पोकळीवर तरंगत राहतं, आणि एखाद्या पावसाळ्यात सड्याला अचानक भोक पडतं. समुद्राकडच्या कड्यांखाली लाटा तेच काम उघडपणे करतात. मऊ थर आत खाल्ला गेला की वरचा घरभर ठोकळा एकदम खाली येतो. किनाऱ्यावर अस्ताव्यस्त पडलेले तांबडे धोंडे दिसतात ते हेच. कोकण रेल्वेवाल्यांना बेसॉल्टचा डोंगर फोडणं इतकं जड गेलं नाही, जितके मऊ, पाण्याने भरलेल्या मातीतले बोगदे गेले. गोव्यात पेडण्याच्या बोगद्याने तर सर्वांना जेरीस आणलं, खोदावं आणि पुन्हा ढासळावं. अखेर जानेवारी १९९८ मध्ये पुरा मार्ग सुरू झाला. टणक शत्रू परवडतो.

सड्यावर माणसाने स्वतःही थोडी झीज केली आहे, आणि ती मात्र आपण जपायला निघालो आहोत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी. इथल्या जांभ्यावर प्रागैतिहासिक माणसांनी चित्रं खोदली, त्यांना आता कातळशिल्पं म्हणतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. गुराख्यांना ही चित्रं माहीत होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पालथे घालून त्यांची पद्धतशीर नोंद केली, आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या प्रस्तावित यादीत गेली. मूर्तीला नालायक ठरलेल्या दगडाने ही रेघ हजारो पावसाळे कशी धरली? उभ्या भिंतीवर ती टिकती का, शंका आहे. पण आडव्या सड्यावर पाण्याला पळायचा जोर नसतो, आणि वरची साल हीच जांभ्याची सर्वांत कठीण बाजू. वर्षाचे आठ महिने धूळ आणि वाळलेलं गवत तिच्यावर पांघरूण घालतात. आज पावसापेक्षा चिरेखाणीच्या चक्राचं भय जास्त, आणि कुठे कुठे माहितीपटासाठी खडूने रेघा ठळक करणाऱ्यांचंही.

आता ज्याच्यामुळे जांभ्याचं सगळं आयुष्य एका वर्तुळात येतं, ती गोष्ट. पावसाने कातळातून पहिल्यांदा पळवला तो कॅल्शियम. तो समुद्रात गेला. तिथे शिंपल्या-कालवांनी तो पाण्यातून उचलला आणि त्याची घरं केली. ती घरं किनाऱ्याला लागली, माणसाने वेचली, भट्टीत भाजली, आणि चुना झाला. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंती सांधल्या आणि लिंपल्या गेल्या त्या या शिंपल्यांच्या चुन्याने. खात्यातून गेलेली रक्कम इतकी वळणं घेऊन परत दारात आली, आणि जांभ्याला तिची गरजही होती. कारण चिरा हवेत कडक होतो ते एका मर्यादेपर्यंतच. उभ्या भिंतीत, बाजूने झोडपणाऱ्या पावसात, वर्षानुवर्षं भिजत-सुकत राहिला की भोकांतली माती आधी सुटते, मग जाळंच ठिसूळ होतं, आणि भिंत पायाशी तांबडा भुगा सोडू लागते. जुन्या गवंड्यांनी त्याला चुन्याचा अंगरखा घातला तो शोभेसाठी नव्हे.

जुन्या गोव्यात याचे दोन दाखले एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सेंट ऑगस्टीनचा मनोरा १६०२ साली उभा राहिला, ४६ मीटर उंच, जांभ्याचा. मठ रिकामा झाला, छपराची काळजी घेणारं कुणी राहिलं नाही. १८४२ मध्ये कमान कोसळली आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग. आज अर्धा सोट उभा आहे. दुसरा दाखला बॉम जीझस बॅसिलिका, १६०५ सालची, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलं आहे. या चर्चला मुळात बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, डागडुजीच्या नावाखाली तो खरवडून काढला गेला, दगड उघडा दिसला म्हणजे इमारत जास्त प्राचीन वाटते या कल्पनेपायी. तेव्हापासून तिच्या तांबड्या भिंती दरसाल मोसमी पाऊस अंगावर घेताहेत. काही वर्षांपासून तिथल्याच काही मंडळींनी आणि वास्तुतज्ज्ञांनी गिलावा परत करा अशी मागणी लावून धरली आहे. विरोधकांचं म्हणणं असं की लोकांना ही इमारत तांबडीच माहीत आहे; पांढरी केली तर ओळख जाईल.

जांभ्याच्या बाजूने बोलायचं तर मी गिलाव्याकडे आहे. ज्याचं सगळं काही पावसाने आधीच नेलं, त्याच्याकडून आणखी वसुली करण्यात अर्थ नाही. पण पाहुण्यांना फोटोसाठी तांबडं चर्च हवं असतं, आणि ते येतात डिसेंबरात.